संस्थेतला माणूस न सांगता निघून जातो तेव्हा

बहुतेक वेळा ही गोष्ट लक्षात येते ती संध्याकाळच्या चहाच्या वेळी. मावशी कप भरून ठेवतात आणि एक कप तसाच उरतो. मग खोलीत पाहिले जाते, बाथरूमच्या दारावर थाप पडते, कुणीतरी गच्चीवर धावते. वॉचमन शपथेवर सांगतो की त्याने फाटक एक क्षणही सोडले नव्हते. दहा मिनिटांत सर्वांना कळून चुकते की आपल्याकडे राहणारा एक माणूस आवारात नाही.

वृद्धाश्रम, स्मृतिभ्रंश झालेल्यांचे निवासकेंद्र, बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलेल्या प्रौढांचे वसतिगृह, रुग्णालयातून सुटल्यावर आणि घरी परतण्यापूर्वी राहण्याची मधली जागा म्हणजे हाफवे होम, नाहीतर चार-पाच जण एका केअरटेकरसोबत राहतात तो साधा भाड्याचा फ्लॅट. नावे वेगळी असली तरी ही सगळी आधाराची घरे आहेत. ज्यांचे कुणी अशा घरात आहे, त्यांच्या मनाच्या कोपऱ्यात ही भीती सतत असते. तरीही प्रवेश घेताना फी विचारली जाते, जेवण विचारले जाते, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात हे विचारले जाते; पण ‘आमचा माणूस न सांगता निघून गेला तर पहिल्या तासात तुम्ही काय कराल?’ हे कुणी विचारत नाही. असे बोलणे अभद्र वाटते. संस्थाचालकही तो विषय काढत नाहीत, कारण त्यांना वाटते की पालक घाबरून दुसरीकडे जातील.

बंगळुरूत अशी घरे बरीच आहेत. होसूर रोडवरची निम्हान्स ही संस्था १९७४ साली जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली आणि मानसिक उपचारांसाठी हे शहर साऱ्या देशाला माहीत झाले. उपचार झाल्यावर माणसाने राहायचे कुठे, या प्रश्नावरही इथे लवकर काम सुरू झाले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या हाफवे होमपैकी एक मेडिको पास्टोरल असोसिएशनने याच शहरात चालवले. रिचमंड फेलोशिपची भारतीय संस्था १९८६ पासून इथे काम करते. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची मराठी कुटुंबे उपचारांसाठी इथवर येतात. नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या मुलामुलींनी आपल्या आईवडिलांना जवळ आणलेले असते, ते वेगळेच. म्हणजे फाटकाबाहेर पडलेल्या माणसाला कन्नडचा एक शब्दही येत नसेल, असे सहज होऊ शकते. पुढे याचे महत्त्व कळेल.

पहिला तास

सर्वांत आधी घर आणि आवार नीट शोधावे. हे सांगायची गरज नाही असे वाटेल, पण घाबरलेली माणसे एकदम रस्त्यावर धावतात आणि हरवलेली व्यक्ती कपाटामागे, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ किंवा उभ्या असलेल्या गाडीत सापडते. शेजारच्या बंगल्याची बाग, बांधकाम चालू असलेली इमारत, मागची गल्लीही पाहावी. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती हाक मारली तरी बऱ्याचदा ओ देत नाही. तिला वाटते की आपण हरवलेलोच नाही. ती समोर दिसेल त्या वाटेने चालत राहते आणि झुडपात, कुंपणाशी किंवा नाल्याशी अडकते. म्हणून नुसत्या हाका मारून भागत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. बंगळुरूत तळ्यांचे काठ आणि राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे मोठे नाले, अंधार पडण्याआधी पाहून घ्यायला हवेत.

या शोधात सगळे कर्मचारी बाहेर पाठवू नयेत. एकाने फाटकावर थांबावे, कारण माणूस आपणहून परत येण्याची शक्यता मोठी असते आणि तो आला तेव्हा दार उघडायला ओळखीचा चेहरा हवा. एकाने फोनजवळ बसून कोण कुठे गेले, कुणाशी किती वाजता बोलणे झाले, हे वहीत लिहीत राहावे. रात्री उशिरा पोलिसांनी विचारल्यावर हीच वही कामी येते. शेजारच्या दुकानांचे आणि अपार्टमेंटचे कॅमेरे त्याच संध्याकाळी पाहायला मिळावेत म्हणून विनंती करावी. बऱ्याच कॅमेऱ्यांतले जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

आणखी एका गोष्टीकडे जवळजवळ सगळीकडे दुर्लक्ष होते. त्याच घरात राहणाऱ्या इतरांना कुणी विचारतच नाही. खोलीतल्या सोबत्याला माहीत असते की सकाळी त्यांनी चांगला शर्ट घातला होता, रात्रभर ते जागे होते, बहिणीचा फोन येणार होता तो आला नाही. पण ‘यांना काय विचारायचे, यांचेच डोके ठिकाणावर नाही’ अशी कर्मचाऱ्यांची समजूत असते. शांतपणे, एकेकाला बाजूला घेऊन विचारले तर घरातल्या सोबत्यांकडून जे कळते, ते कोणत्याही कॅमेऱ्यातून कळत नाही.

कुटुंबाला केव्हा कळवावे? ताबडतोब. ‘आधी शोधून पाहू, उगाच घाबरवायला नको’ असे म्हणत काही संस्था चार-सहा तास घालवतात. त्यांत काळजीपेक्षा बदनामीची भीती अधिक असते. पण तो माणूस कुठे जाऊ शकेल हे सर्वांत चांगले कुटुंबालाच माहीत असते. जुने घर कुठे होते, पूर्वी नोकरी कुठल्या कारखान्यात होती, दर गुरुवारी कोणत्या देवळात जायची सवय होती. तो कदाचित त्यांच्याच दारात जाऊन उभा राहील.

पोलिसांबाबत एक गैरसमज वर्षानुवर्षे टिकून आहे: २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. कायद्यात असा कोणताही नियम नाही. वय झालेली, स्मृती गेलेली, फिट येणारी, इन्सुलिनवर असलेली किंवा जीव देण्याची भाषा करणारी व्यक्ती नाहीशी झाली असेल तर ११२ या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. चिठ्ठी सापडली असेल, आवडीच्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या असतील, तर ते अगदी स्पष्टपणे सांगावे. इथे संकोच करू नये.

मात्र प्रत्येक उशीर म्हणजे हरवणे नव्हे, हेही तितकेच खरे. हाफवे होममधला चाळिशीचा माणूस सिनेमाला गेला आणि नऊच्या ऐवजी साडेदहाला आला तर तो हरवला असे म्हणता येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आपल्या इच्छेने दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीला बाहेर जायचे असेल तर तिला सहसा अडवून ठेवता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाशी स्वतंत्रपणे आधीच ठरवून ठेवलेले बरे: किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर कुणाला फोन करायचा. ज्याच्याशी असे ठरलेले असते तो माणूस उशीर होणार असेल तर स्वतःच कळवतो, असा अनेक चालकांचा अनुभव आहे.

‘पैसेच नव्हते, लांब कुठे जाणार?’

हा तर्क फार घात करतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. पर्समध्ये कर्नाटकच्या पत्त्याचे ओळखपत्र असलेली एखादी बाई मॅजेस्टिकला पोहोचली तर एक रुपयाही खर्च न करता दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात असू शकते. रेल्वेचे तर विचारूच नका. विनातिकीट माणूस जनरलच्या डब्यात बसला की गाडी त्याला नेईल तिकडे तो जातो. लांब पल्ल्याच्या गाड्या बंगळुरूत एकाच स्टेशनातून सुटत नाहीत. मुख्य क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्टेशन, यशवंतपूर, कॅन्टोन्मेंट आणि २०२२ पासून बैयप्पनहळ्ळीचे विश्वेश्वरय्या टर्मिनल अशी चार ठिकाणे तरी पाहावी लागतात. एका कर्मचाऱ्याला एका स्टेशनवर पाठवून ‘स्टेशन पाहिले’ असे म्हणू नये. रेल्वेचा १३९ हा क्रमांक आणि रेल्वे सुरक्षा दल यांना फोटोसह कळवले तर पुढच्या स्टेशनांवरही लक्ष ठेवता येते.

कुटुंब मिरजेचे असेल तर मिरजेकडे जाणारी गाडी आधी पाहावी. ही माणसे बहुधा दिशाहीन भटकत नाहीत, त्यांना कुठेतरी जायचे असते. ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य ज्यांनी अशा संस्थेत एक दिवस जरी काढला असेल त्यांनी ऐकलेले असेल. कधी ते घर वीस वर्षांपूर्वी विकलेले असते. कधी ज्या आईकडे जायचे ती हयात नसते. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात जॉर्ज हर्बर्ट नावाचे एक गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक. उतारवयात त्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि आपल्या बालपणीचे घर शोधायला ते बाहेर पडले. त्या शोधातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने तिथल्या पोलिसांनी एक साधा फॉर्म सुरू केला. माणूस घरात सुरक्षित असतानाच तो भरून ठेवायचा: ताजा फोटो, उंची, खुणा, औषधे, जुने पत्ते, पूर्वीच्या नोकरीची जागा, आवडती ठिकाणे, याआधी कुठे सापडले होते. माणूस नाहीसा झाला की तो कागद थेट पोलिसांच्या हातात द्यायचा. हर्बर्ट प्रोटोकॉल या नावाने हा फॉर्म आता ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी वापरला जातो.

यासाठी कुठल्याही सरकारी परवानगीची गरज नाही. आपल्याकडची प्रत्येक संस्था एका रविवारी बसून सगळ्यांचे असे कागद तयार करू शकते. फक्त काही गोष्टी आपल्या परिस्थितीप्रमाणे लिहायला हव्यात. त्यांतली पहिली म्हणजे भाषा. हा माणूस कोणती भाषा बोलतो, घाबरला की कोणती बोलतो, आणि त्याला घरी काय म्हणून हाक मारतात? रजिस्टरमध्ये ‘दत्तात्रेय’ असेल, पण तो ओ देतो ती फक्त ‘बापू’ या हाकेला. कन्नड बोलणाऱ्या हवालदाराने ‘बन्नी’ म्हटले तर मराठी आजी भेदरून आणखी दूर पळेल. तिथे फोनवरून ‘आजी, थांबा हं, मी येतेय’ एवढे शब्द मराठीत ऐकू आले तर ती थांबेल. फोन कुणी करायचा, त्याचा क्रमांकही त्या कागदावर असावा.

दुसरी गोष्ट फोटोची. फाईलमधला फोटो प्रवेशाच्या दिवसाचा असतो: वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे, हडकुळा चेहरा. उपचारांनंतर वर्षभरात तोच माणूस दहा किलोने भरलेला आणि गुळगुळीत दाढीचा असतो. जुन्या फोटोवरून त्याला कुणी ओळखत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, रोजच्या कपड्यांत, चष्मा घालत असेल तर चष्म्यासह नवा फोटो काढावा. खिशात संस्थेचा फोन क्रमांक असलेले लहानसे कार्ड ठेवणे चांगले, एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला त्याची भाषा. काही ठिकाणी सगळ्यांना एकाच रंगाचा गणवेश आणि पाठीवर संस्थेचे नाव घालायला लावतात, ते मात्र पटत नाही. बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या माणसाच्या पाठीवर त्याचा आजार छापण्यासारखेच ते आहे.

फोटो पाठवताना

आजकाल माणूस हरवला की पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो फिरू लागतो. त्याचा उपयोग नक्की होतो. पण त्याखाली काय लिहायचे याचा विचार करायला हवा. ‘वेडसर आहे, सावध राहा’ असा मजकूर वाचून लोक मदतीला येण्याऐवजी काठी घेऊन येतात. ही अतिशयोक्ती नव्हे. २०१८ च्या मे महिन्यात याच बंगळुरूच्या चामराजपेठेत, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे जमावाने राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला मारून टाकले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा असाच बळी गेला. ती माणसे आजारी नव्हती, हरवलेलीही नव्हती; फक्त त्या गावात अनोळखी होती. अनोळखी मोहल्ल्यात शिरलेला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारा, लहान मुलाकडे पाहून हसणारा एखादा हरवलेला माणूस किती धोक्यात असतो, हे यावरून समजावे.

म्हणून संदेशात आजाराचे नाव लिहू नये. नाव, वय, कपडे, कुठून आणि केव्हा निघाले, कोणती भाषा बोलतात, आणि ‘दिसल्यास प्रेमाने बोला, बसवून पाणी द्या आणि या क्रमांकावर कळवा’ एवढे पुरे. क्रमांक संस्थेचा किंवा पोलिसांचा द्यावा. घरातल्या एखाद्या मुलीचा वैयक्तिक फोन दिला तर पुढचे कित्येक महिने तिला नको ते फोन येत राहतात. ‘माणूस आमच्या ताब्यात आहे, आधी पैसे पाठवा’ असे सांगणारे भामटेही भेटतात. अशा वेळी आत्ता काढलेला फोटो मागावा आणि पोलिसांना कळवावे.

कुलूप लावून काय होते?

अशी घटना घडली की दुसऱ्या दिवशी संस्थेत बैठक होते आणि ठराव ठरलेला असतो: भिंत उंच करा, फाटकाला कुलूप घाला, संध्याकाळचे फिरणे बंद करा. एक जण गेला म्हणून मागे उरलेल्या वीस जणांना शिक्षा होते. पालकांनाही हे बरे वाटते. खरे सांगायचे तर ‘काहीही करा, पण बाहेर सोडू नका’ हा आग्रह बहुतेक वेळा आपणच, म्हणजे नातेवाईकच, धरतो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला पहाटे आग लागली. माणसे पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. २८ जण होरपळून मेले. त्यांतला एकही जण संस्थेतून ‘बेपत्ता’ झालेला नव्हता. सगळे जागच्या जागी होते. आज कायद्याने साखळीला पूर्ण बंदी आहे, मग ती कोणत्याही स्वरूपाची असो. पण बाहेरून लावलेले कुलूप, ज्याची किल्ली रात्री झोपलेल्या वॉचमनच्या खिशात आहे, ते आगीच्या वेळी साखळीपेक्षा फार वेगळे ठरत नाही. आपल्या माणसाच्या संस्थेत रात्री दार कोण, किती सेकंदांत उघडू शकते, हे पुढच्या भेटीत जरूर विचारावे.

घर असो वा संस्था, चोवीस तास नजर ठेवणे माणसाच्या आवाक्यात नसते. २००७ साली जपानमध्ये स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ घरातून निघाले आणि रेल्वेखाली सापडून मरण पावले. त्यांची पत्नी तेव्हा ८५ वर्षांची होती आणि तिला काही मिनिटे डुलकी लागली होती. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला आणि खालच्या न्यायालयाने ७० लाख येनहून अधिक रक्कम भरायचा हुकूमही दिला. शेवटी २०१६ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला त्यातून मुक्त केले. ज्या कुटुंबात असा रुग्ण आहे त्या प्रत्येक घरात तिकडे या निकालाची चर्चा झाली. आपल्याकडे कुणी दावा लावत नाही, पण ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न त्या घरातल्या सुनेला किंवा संस्थेतल्या आयाला आयुष्यभर पुरतो.

त्याच जपानमध्ये ओमुता नावाचे जुन्या कोळसाखाणींचे एक शहर आहे. त्यांनी भिंती उंच करण्याऐवजी वेगळाच मार्ग धरला. २००४ पासून तिथे शहरभर एक रंगीत तालीम घेतली जाते. एक जण हरवलेल्या वृद्धाची भूमिका करून रस्त्याने फिरतो, त्याचे वर्णन सगळीकडे कळवले जाते आणि दुकानदार, टॅक्सीवाले, शाळेतली मुले त्याला शोधून त्याच्याशी कसे बोलायचे याचा सराव करतात. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, समोरून यायचे, हळू बोलायचे. तरीही जपानमध्ये २०२३ या एका वर्षात स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झालेल्या १९ हजारांहून अधिक व्यक्तींची पोलिसांकडे नोंद झाली. तालमीने माणसे बाहेर जायची थांबली नाहीत. तालीम आहे ती त्यांना ओळखणारे डोळे वाढावेत म्हणून.

आपल्या संस्थेच्या गल्लीत तरी हे करता येईल. कोपऱ्यावरचा दर्शिनीवाला, फुलवाली, रिक्षास्टँडवरचे चालक, इस्त्रीवाला. आपल्या लोकांना घेऊन रोज त्यांच्यासमोरून फिरायला जावे, त्यांच्याकडून चार गोष्टी विकत घ्याव्यात. मग एखाद्या दुपारी आपले काका एकटेच चपला न घालता जाताना दिसले तर फुलवालीच त्यांना हाक मारेल. ज्यांना कधी बाहेरच काढले नाही, त्यांना ओळखणार कोण?

जो दुसऱ्या टोकाला सापडतो

काही जण त्या रात्री सापडत नाहीत, आठवड्यातही सापडत नाहीत. तेव्हा वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालये, निवारागृहे आणि दुर्दैवाने शवागारेही पाहावी लागतात, आणि ती पुन्हा पुन्हा पाहावी लागतात. नातेवाइकांनी आशा सोडू नये असे म्हणायला निश्चित आधार आहे. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजारी व्यक्ती पोलिसांना आढळली तर तिला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात तपासणीसाठी न्यायचे, बेपत्ता व्यक्ती म्हणून तिची नोंद करायची आणि कुटुंबाचा शोध घ्यायचा, अशी जबाबदारी २०१७ च्या कायद्याच्या १०० व्या कलमाने ठाणेप्रमुखावर टाकली आहे. म्हणजे एका ठाण्यात ‘हरवला’ अशी नोंद आणि दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात ‘सापडला’ अशी नोंद असू शकते. दोन्ही कागद एकमेकांना भेटावेत यासाठी कुणीतरी चिकाटीने मागे लागावे लागते.

मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी हे काम १९८८ पासून श्रद्धा फाउंडेशनच्या मार्फत केले. एका हॉटेलात बसले असताना समोरच्या रस्त्यावर करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्याला नेऊन उपचार केल्यावर कळले की तो आंध्रातला पदवीधर आहे, आणि त्याच्या घरी त्याची वाट पाहणारे वडील आहेत. पुढे कर्जतजवळ २००६ साली त्यांचे केंद्र उभे राहिले आणि आजवर देशाच्या कानाकोपऱ्यांतली हजारो माणसे तिथून आपापल्या घरी पोहोचली. डॉ. वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बंगळुरूतही एक नवलाची गोष्ट घडली. २०१७ च्या सुरुवातीला बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या एका सरकारी वसतिगृहात आधार नोंदणीचे शिबिर भरले. काही मुलांचे अर्ज फेटाळले गेले, कारण त्यांच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले. त्यावरून त्यांची घरे सापडली. त्यांतला एक मुलगा थेट इंदूरचा होता. त्याला आपला पत्ता सांगता येत नव्हता. बेवारस म्हणून आलेल्या प्रत्येकाची आधार तपासणी करून पाहा, असा आग्रह नातेवाइकांनी आणि संस्थांनी धरायला हरकत नाही.

परत आल्यावर

माणूस सापडला की सगळ्यांचा ताण एकदम सुटतो, आणि बऱ्याचदा तो त्याच्यावरच सुटतो. ‘कुठे तडफडला होतास? आमचा जीव गेला इकडे!’ रागावणे साहजिक आहे, पण त्या दिवशी नको. आधी पाणी, थोडे खाणे, आंघोळ. पाय नीट पाहावेत, तळव्यांना काचा लागलेल्या असतात. बाई असो वा पुरुष, बाहेर कुणी मारहाण किंवा अत्याचार केला आहे का हे डॉक्टरांनी एकांतात तपासावे. औषधांच्या बाबतीत विशेष जपावे. चुकलेल्या गोळ्या एकदम भरून काढायच्या नसतात. क्लोझापिनसारखे औषध दोन दिवसांहून अधिक खंडित झाले तर आधीचा पूर्ण डोस लगेच देत नाहीत, पुन्हा थोड्यापासून सुरुवात करतात. म्हणून पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रात्री-अपरात्री कुणाशीच बोलता येत नसेल, तर घरच्यांना धीर आणि सल्ला देण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

एक-दोन दिवसांनी, चहा घेता घेता विचारावे, कुठे जायचे होते? उत्तर ऐकून घ्यावे आणि कागदावर लिहावे. कुणी सांगते, शेजारचा माणूस रात्री मारतो. कुणी सांगते, इथली भाजी घशाखाली उतरत नाही. आणि कितीतरी जण सांगतात, भाऊ म्हणाला होता पुढच्या रविवारी नेतो, तीन रविवार गेले. ‘येतो’ म्हणून न जाणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावे अशी फार इच्छा आहे. यायला जमणार नसेल तर तसा फोन करावा. ‘बघू, येऊ’ असे सांगून वेळ मारून नेऊ नये. तिकडे कुणीतरी चांगला शर्ट घालून सकाळपासून फाटकाशी बसलेले असते.

जुने घर पाहायचे आहे, असे कुणी म्हणत असेल तर एकदा नेऊन आणावे. तिथे आता दुसरे कुणी राहते हे डोळ्यांनी पाहिल्यावर काही जण शांत होतात. काही जण होत नाहीत, पण निदान आपले म्हणणे कुणी ऐकले एवढे त्यांना कळते.

एक काम बहुतेक सगळे विसरतात. माणूस परत आला हे ठाण्यात जाऊन सांगावे आणि तशी नोंद करून घ्यावी. ज्या ज्या गटात फोटो टाकला होता, तिथे ‘सुखरूप घरी आले, धन्यवाद’ असे लिहून जुना फोटो काढून टाकायला सांगावे, भिंतींवर चिकटवलेले कागद उतरवावेत. परवापासून त्यांना त्याच रस्त्याने फिरायला जायचे असते.